धारावी बेटावरील पर्यटन

उत्तन, पाली, चौक, डोंगरी, गोराई आणि मनोरी ही मुंबईजवळच्या धारावी बेटावरची गावे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी येथील पोर्तुगीज किल्ला घेतला. पुढेही बेटाचा संसार मासेमारी आणि शेतीवरच चालला. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, सुकणारे बोंबील आजही उत्तनची ओळख आहेत.

1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान सुरू झाले, 2009 मध्ये विपश्यना पॅगोडा खुला झाला. पर्यटकांमुळे खानावळी, रिक्षा, बंगले यांतून रोजगार आला. मात्र जमिनीवर डोळा ठेवणारेही आले. पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव येताच कोळी आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांनी एकजुटीने विरोध केला. तो रास्तच होता, कारण किनारा गेला तर मासळी सुकवायला जागा उरत नाही.