पाकिटावरचे वार

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं जिनिव्हा हे लहानसं गाव. 1960चं दशक नुकतंच सुरू झालेलं. डेव्हिड वॅग्नर या इंजिनिअरच्या घरी चौथं मूल झालं आणि डॉक्टरांनी त्याच्या पत्नीला, डोरिसला, गर्भनिरोधक गोळी लिहून दिली. गोळ्या बाटलीत सुट्या यायच्या. पाळीच्या पाचव्या दिवसापासून सलग 20 दिवस रोज एक घ्यायची, मग थांबायचं. ऐकायला सोपं. पण आजची घेतली की राहिली, हे बाटली सांगत नसे. नवरा रोज विचारायचा आणि त्यावरून खटके उडायचे.

शेवटी वॅग्नरने एका कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली. जागा रिकामी दिसली की समजायचं, गोळी घेतली. हे छान चाललं, पण एक दिवस कागदाला धक्का लागला आणि गोळ्या विखुरल्या. मग त्याने ड्रिल, पारदर्शक प्लास्टिक, चिकटपट्टी असं घरात होतं ते वापरून गोल फिरणारी डबी बनवली आणि जुलै 1962 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी ऑर्थो कंपनीच्या गोळ्या अशाच गोल डबीत बाजारात आल्या. आज अनेक पाकिटांवर दिसणारे वार आणि बाण असे एका संसारातल्या रोजच्या कटकटीतून आले.

गोळीचा जन्म मात्र त्याआधीचा, आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो. इथे र. धों. कर्व्यांनी 1921 मध्येच संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. नोव्हेंबर 1952 मध्ये याच शहरात कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिला आलेल्या, अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर जून 1953 मध्ये कॅथरिन मॅक्कॉर्मिक या श्रीमंत विधवेला घेऊन मॅसॅच्युसेट्समध्ये शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मॅक्कॉर्मिकबाईंनी पैसा पुरवला आणि संशोधनाला वेग आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्वे वारले. ज्या साधनासाठी त्यांनी आयुष्यभर लोकांचे शिव्याशाप सोसले, ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

मोठी चाचणी 1956 मध्ये पोर्तो रिकोतल्या रिओ पिएद्रास इथे झाली. तिथल्या गरीब बायकांना आपल्यावर प्रयोग चालला आहे, हे सांगितलं गेलं नव्हतं. गोळी 10 मिलिग्रॅमची, आजच्या मानाने फारच जड. चाचणी सांभाळणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी स्पष्ट लिहिलं, की गोळी नीट घेतली तर गर्भ राहत नाही; पण 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात आणि हे प्रमाण जास्त आहे. त्यांचं म्हणणं बाजूला सारलं गेलं. आजची कमी मात्रेची गोळी घेताना त्या बायकांची आठवण ठेवायलाच हवी.

‘संयुक्त’ गोळी, म्हणजे दोन संप्रेरकांची गोळी, अपघाताने झाली. सुरुवातीच्या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधात इस्ट्रोजेनचा थोडा अंश भेसळीसारखा उतरला होता. तो काढून टाकल्यावर बायकांना मध्येच रक्तस्राव होऊ लागला, म्हणून तो मुद्दाम परत घातला गेला.

आणि गोळ्यांमधली सुट्टी? तिची शरीराला गरज नव्हती. गोळ्या थांबल्या की संप्रेरकांची पातळी उतरते आणि रक्तस्राव होतो. ती खरी पाळी नसते. पण दर महिन्याला पाळी आल्यासारखं वाटलं की बाईला दिवस गेले नाहीत याची खात्री पटेल, असा विचार त्यामागे होता. पिंकस यांचे सहकारी डॉ. जॉन रॉक श्रद्धाळू कॅथलिक होते. ही गोळी निसर्गाच्याच चक्राला धरून चालते, तेव्हा चर्च तिला मान्यता देईल, अशी त्यांना आशा होती. 1968 मध्ये पोपनी नकार दिला. सुट्टी मात्र पाकिटात कायम राहिली.

ही सुट्टीच सगळ्यात नाजूक जागा आहे. सलग सात दिवस गोळ्या घेतल्या की बीजांडकोश शांत राहतात. सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर ते जागे होऊ लागतात. म्हणून एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या, तर शेवटची राहिलेली लगेच घ्यायची, बाकीच्या सोडून द्यायच्या आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं, तर संप्रेरकाच्या उरलेल्या गोळ्या संपवून सुट्टी न घेता थेट नवं पाकीट उघडायचं. पस्तिशीपुढे धूम्रपान करणाऱ्या, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्या किंवा बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईने मात्र आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

आपल्याकडच्या माला-डी आणि माला-एनच्या पाकिटात 21 पांढऱ्या गोळ्यांनंतर सात गडद रंगाच्या गोळ्या असतात. त्या लोहाच्या. त्यांनी गर्भ रोखला जात नाही. पण रक्ताची कमतरता असलेल्या बाईला त्या सात दिवसांत थोडं लोह मिळतं आणि रोज रात्री पाकिटाकडे जाणारा हात थांबत नाही. अठ्ठाविसावी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट.