अकरा घरांचा एक राजवाडा

एडिंबरोच्या शार्लट चौकातल्या बागेकडून उत्तरेला पाहिले की आपल्यासमोर एक लांबलचक दगडी राजवाडा उभा राहतो. मधोमध खांब, त्यांवर त्रिकोणी शिखर. प्रत्यक्षात ती एकमेकांना खेटून बांधलेली अकरा घरे आहेत. त्यांतल्या सात क्रमांकाच्या घराचे मूळ शोधायचे तर आपल्याला आधी पॅरिसला जावे लागते. तिथे १६१२ मध्ये एका राजचौकाभोवती एकसारख्या तोंडवळ्याची घरे पुरी झाली. पुढे बाथ शहरात जॉन वुड याने क्वीन स्क्वेअरची एक बाजूच महालासारखी रचली. त्या काळी एडिंबरोचे लोक मात्र डोंगराच्या सोंडेवर, सात-आठ मजली इमारतींत दाटीने राहत. न्यायाधीश आणि कारागीर एकच जिना चढत.

१७६७ मध्ये जेम्स क्रेग या तरुणाचा नव्या वस्तीचा आराखडा मंजूर झाला. रस्ते सरळ आखले गेले, पण घरे ज्याने त्याने आपल्या मर्जीने बांधली. ही विस्कळीत रांग पाहून नगरपालिकेने १७९१ मध्ये शेवटच्या चौकाचे, म्हणजे शार्लट चौकाचे, काम वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमकडे दिले. अ‍ॅडमने तरुणपणी, १७५७ मध्ये, स्प्लिट येथे रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राजवाड्याच्या अवशेषांची मोजमापे घेतली होती. त्या राजवाड्याच्या भिंतींच्या आत शतकानुशतके सामान्य माणसे घरे करून राहत आली होती, हे मला फार बोलके वाटते. १७९२ मध्ये अ‍ॅडम वारला. चौक उभा राहिलेला त्याला दिसला नाही. त्याची रेखाटने मात्र जागा घेणाऱ्यांवर बंधनकारक ठरली: बाहेरचा चेहरा अ‍ॅडमचा, आतली रचना मालकाची. माझ्या मते खरा शोध हा करारच होता.

१७९६ मध्ये जॉन लॅमाँट या जमीनदाराने १,८०० पौंडांना सात क्रमांकाचे घर घेतले. तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर भोजनगृह आणि मागे चक्क शयनगृह, वर दिवाणखाना. एकोणिसाव्या शतकात मालक बदलले, चौकातल्या काही घरांच्या छपरांवर खिडक्या उगवल्या. विसाव्या शतकात ब्यूटच्या चौथ्या मार्क्विसने पाच, सहा आणि सात क्रमांकाची घरे विकत घेऊन जपली. १९६६ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आली. सात क्रमांकाचे घर १९७५ पासून सर्वांना पाहण्यासाठी खुले आहे. सहा क्रमांकात स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरचे अधिकृत निवासस्थान आहे. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच.