तबकडीचा क्षीण स्वर

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका वृद्ध आप्तांनीं आपल्या घरांतील जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या संगणकावर उतरवून देण्याचें काम आमच्यावर सोपविलें. काम सोपें वाटलें. तबकडी फिरविली, तार जोडली, गाणें उतरलें. परंतु ऐकावयास बसलों तों गवयाचा आवाज शेजारच्या वाड्यांतून येत असावा इतका क्षीण! आम्हीं तो संगणकावरच दसपट केला. त्याबरोबर तबकडीची खरखर आणि तारांतून शिरलेली गुणगुण याहि दसपट झाल्या. ‘पुढें सवडीनें पाहूं’ असें म्हणून आम्हीं काम बाजूस ठेविलें. मध्यंतरीं त्यांतली एक तबकडी हातांतून निसटली. लाखेचीच ती, तिचे तुकडे झाले. आज त्या पदाची आमच्याजवळ उरलेली प्रत म्हणजे तीच क्षीण प्रत होय. दोष तबकडीचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. तें अज्ञान ज्या इतिहासानें दूर झालें, तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एडिसननें १८७७ सालीं ध्वनि नळकांड्यावर उमटविला आणि दहा वर्षांनीं बर्लिनरनें सपाट तबकडीचा मार्ग दाखविला. त्यानंतर सुमारें चाळीस वर्षें तबकडीच्या ध्वनिमुद्रणांत विजेच्या ध्वनिवर्धकास स्थान नव्हतें. गाणारा कर्ण्यापुढें उभा राही. त्याच्या आवाजानें एक पातळ पडदा थरथरे आणि त्या थरथरीनें मेणावर रेघ उमटे. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित करण्यास बसले, तेव्हां साधन हेंच होतें. रेघ कोरण्याची सारी शक्ति गाणाऱ्याच्या छातींतून यावयाची. हळुवार स्वर मेणापर्यंत पोंचतच नसे. वाजवितांनाहि तोच न्याय होता. रेघेवर जड ध्वनिपेटी टेकलेली, तिच्यांत पोलादी सुई, आणि पुढें कर्णा. आवाज लहान वाटला तर जाड सुई लावावी, एवढाच काय तो उपाय.

१९२५ सालीं हें चित्र पालटलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनीं सिद्ध केलेली विद्युत्-मुद्रणाची पद्धति बाजारांत आली आणि कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन बसला. आतां कुजबुजहि कोरतां येऊं लागली. परंतु एक अडचण अधिकच स्पष्ट झाली. खर्जाचे स्वर रेघेस रुंद झोके देतात. ते जसेच्या तसे कोरले तर एक रेघ दुसरीस भिडते, आणि रेघांत अंतर ठेवावें तर तबकडीवर गाणें फारच थोडें मावतें. उलट अति उंच स्वरांचे झोके इतके बारीक कीं ते खरखरींत बुडून जातात. म्हणून कोरतांना खर्ज दाबावयाचा व उंच स्वर उचलावयाचे, आणि वाजवितांना बरोबर याच्या उलट करावयाचें, अशी युक्ति हळूहळू रूढ झाली. मात्र किती दाबावें आणि किती उचलावें, याचें प्रमाण कंपनीगणिक निराळें होतें.

१९४८ मध्यें कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेऱ्या घेणारी व्हिनाइलची तबकडी काढली. तिच्या रेघा अधिक बारीक असल्यामुळें एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. पुढें १९५४ सालीं अमेरिकन ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघटनेनें ‘आरआयएए’ या नांवानें ओळखलें जाणारें एकच प्रमाण ठरविलें. त्या प्रमाणानें सेकंदास २० कंपनांचा खर्ज मधल्या स्वरांच्या मानानें सुमारें २० डेसिबल, म्हणजे जवळजवळ एक दशांशापर्यंत, खालीं दाबला जातो. आणि २०,००० कंपनांचा स्वर जवळजवळ तितकाच वर उचलला जातो. तात्पर्य, तबकडींत जें कोरलेलें असतें तें गाणें नव्हे. तें गाण्याचें सांकेतिक लिखाण होय. तें वाचण्याची किल्ली वाजविणाऱ्यापाशीं असावी लागते.

क्षीणतेचें दुसरें कारण सुईच्या मागें आहे. जड ध्वनिपेटी गेली आणि तिच्या जागीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें असलेला हलका पिकअप आला. तबकडीची झीज त्यामुळें कमी झाली. पण अशा पिकअपमधून निघणारा विद्युत्-दाब अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. घरगुती ध्वनियंत्राच्या साध्या प्रवेशद्वारास सुमारें ३०० मिलिव्होल्टची अपेक्षा असते, म्हणजे साठपट. ज्या पिकअपमध्यें चुंबकाऐवजीं वेटोळेंच हलतें, त्याचा दाब तर याहूनहि पुष्कळ कमी. म्हणून जुन्या ध्वनिवर्धकांत ‘फोनो’ नांवाचें स्वतंत्र द्वार असे. तें आवाज वाढवी आणि दाबलेला खर्ज परत देऊन उचललेले स्वर खालीं आणी. पुढें कित्येक यंत्रांतून हें द्वार नाहींसें झालें; संगणकास तर तें सहसा नसतेंच. आम्हीं तार जोडली ती साध्या द्वारास. म्हणून गाणें क्षीण आणि निःसत्त्व आलें. मायक्रोफोनच्या द्वारास जोडली असती तर तें मोठें झालें असतें, परंतु खर्जावांचून कर्कशच राहिलें असतें. योग्य मार्ग एकच: पिकअप आणि संगणक यांच्यामध्यें फोनोचा पूर्ववर्धक ठेवावा, आणि गुणगुण टाळण्याकरितां अर्थिंगची तार विसरूं नये.

यापुढचा हिशेब आंकड्यांचा आहे. संगणक ध्वनीची उंची पायऱ्यांनीं मोजतो. १६ बिटांच्या मोजणींत ६५,५३६ पायऱ्या असतात. पातळी दर ६ डेसिबलनीं उतरली कीं त्या निम्म्या होतात. गाणें ३० डेसिबल खालीं उतरविलें तर अवघ्या २,०४८ पायऱ्या उरतात, आणि मागाहून आवाज वाढविल्यानें गेलेल्या पायऱ्या परत येत नाहींत. या तोट्याचा पुरता अनुभव न्यूयॉर्कच्या संगीतकारांनीं घेतला असला पाहिजे. तेथील ब्राँक्स भागांत १९७३ च्या ऑगस्टांत कूल हर्क या जमैकांत जन्मलेल्या तरुणानें एका मेजवानींत तबकड्यांतील ताल पुनःपुन्हा वाजवून लोकांस नाचविलें, आणि त्यांतून हिपहॉपची परंपरा वाढली. पुढें तबकडीवरील चार क्षणांचा तुकडा यंत्रांत उचलून नवें गाणें रचण्याची रीत पडली. १९८७ चें त्यांचें आवडतें यंत्र एसपी-१२००. त्यांत मोजणी १२ बिटांची, म्हणजे ४,०९६ पायऱ्या, आणि सांठवण अवघ्या दहा सेकंदांची! तेव्हां ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांनीं पळवून तुकडा उचलावयाचा आणि मागाहून यंत्रांत तो संथ करावयाचा, अशा काटकसरीनें त्यांनीं दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचें संगीत बसविलें. अशा यंत्रांत ३० डेसिबल खालीं उतरविलेल्या तुकड्यास केवळ १२८ पायऱ्या मिळतात. म्हणून पातळी उचलतांनाच पुरी घ्यावी लागे.

आज २४ बिटांची मोजणी सर्वत्र सुलभ असल्यानें पायऱ्यांची ती टंचाई राहिली नाहीं. गाण्यांतील सर्वांत बुलंद जागा आधीं वाजवून पाहावी आणि ती कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबल खालीं राहील अशी पातळी ठेवावी. मर्यादा ओलांडली तर स्वराचें शिखर छाटलें जातें आणि तें पुन्हा जोडतां येत नाहीं. मात्र मोजणीपूर्वींच जी गुणगुण आंत शिरली, तिच्यावर बिटांचा इलाज नाहीं.

आमच्या मराठी घरांतून आढळणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. भारतांत त्या १९६० नंतरच्या दशकांतहि निघत असत. त्यांची रेघ रुंद; तिला इंचाच्या सुमारें तीन सहस्रांश जाडीची सुई हवी. व्हिनाइलची बारीक सुई त्या रेघेच्या तळाशीं जाऊन धूळच वाचते. शिवाय १९५४ चें प्रमाण या तबकड्यांस सहसा लागू पडत नाहीं. आणि १९२५ पूर्वींच्या तबकडीस तर मुळींच नाहीं. म्हणून पहिली प्रत कसलीहि सफाई न करतां जशीच्या तशी जपावी, आणि खरखर काढण्याचे प्रयोग तिच्या नकलेवर करावे.

दरेक वाजविण्यानें रेघ थोडी झिजते, आणि लाख एका क्षणांत फुटते. ज्यांच्या कपाटांत अशा तबकड्या असतील त्यांनीं त्या कोणा जाणत्याकडून एकदांच, पण नीट उतरवून घ्याव्या. आमच्या आप्तांचें तें पद आम्ही अजून अधूनमधून लावतों. खरखरीच्या पलीकडे गवई गात असतो. त्याला जवळ आणण्याची संधि आम्हीं घालविली, ती वाचकांनीं घालवूं नये.