रोंगेलापची राख आणि गळ्यातली ग्रंथी

त्रास थांबला की आपण दवाखान्याची फाइल कपाटात ठेवून देतो. किरणोत्सर्गाच्या बाबतीत हे का चालत नाही, हे प्रशांत महासागरातल्या एका लहानशा बेटाच्या इतिहासातून समजते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने मार्शल बेटांमधील बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेच्या दुपटीहून मोठा झाला. रोंगेलाप बेट तिथून दीडशे किलोमीटरहून दूर, म्हणजे सरळ रेषेत मोजले तर रिसोडपासून अमरावतीपेक्षाही लांब. तरी काही तासांतच तिथे पांढरी राख पडू लागली. ती प्रवाळाची किरणोत्सर्गी भुकटी होती. मुले तिच्यात खेळली. पिण्याच्या पाण्यात आणि अन्नातही ती मिसळली.

लवकरच मळमळ, उलट्या आणि अंगाची आग सुरू झाली. लोकांना बेटावरून हलवले ते दोन दिवसांनी. पुढे कातडी भाजल्यासारखी झाली, केस गळले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घटल्या. मग हळूहळू जखमा भरल्या, केस परत आले. १९५७ मध्ये लोक बेटावर परतलेही.

पण खरी इजा गळ्यात झाली होती. आपली थायरॉइड ग्रंथी साधे आणि किरणोत्सर्गी आयोडीन असा भेद करत नाही. मिळेल ते ओढून घेते. लहान मुलांची ग्रंथी छोटी, म्हणून तेवढ्याच आयोडीनचा मारा तिच्यावर कितीतरी जास्त बसतो. दोन मुलांची वाढ खुंटली. १९६३ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, थायरॉइडची पहिली गाठ सापडली. पुढे दहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना गाठी झाल्या, काही रहिवाशांत कर्करोग निघाला. स्फोटाच्या वेळी एक वर्षाचा असलेला एक तरुण १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला.

हे वाचून छातीच्या एक्स-रेला घाबरू नका. त्यातला किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो. हेच किरणोत्सर्गी आयोडीन मोजून दिले, तर थायरॉइडच्या कर्करोगावर ते औषध ठरते.

मात्र तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला लहानपणी मान, डोके किंवा छातीवर 'शेक' म्हणजे रेडिओथेरपी दिली असेल, तर किती वर्षे झाली हे न बघता डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा. थायरॉइडची तपासणी नियमित करून घ्या आणि ती जुनी फाइल जपून ठेवा.