ओलिताच्या रात्रींची लोकर

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसरची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. नागपूर म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, आणि आम्ही तर नागपूरचे शेजारी. पण त्याच नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. आमच्याकडे उत्तरेचा वारा सातपुड्यावरून खाली येतो आणि रात्री ओलिताला गेलेल्या माणसाच्या आधी कानांत शिरतो. आमच्या भागातल्या विणकामाचा इतिहास मी त्या कानांपासूनच सुरू करते.

पूर्वी घोंगडी होती, वाकळ होती, शेकोटी होती. बसलेल्या माणसाला ती पुरायची. पण गव्हाला पाणी देताना दांड फोडायला दोन्ही हात फावड्याला लागतात, मग खांद्यावरची घोंगडी धरणार कोण? संत्र्याची बाग राखणाऱ्याचंही तेच. अंगाला बसणारं, काम करू देणारं काहीतरी हवं होतं. दोन सुयांचं विणकाम इंग्रजी अमलात मुलींच्या शाळांतल्या शिवण-टिपणाच्या तासांतून घरांत आलं. शाळेत ते रुमाल आणि मोजे शिकवण्यापुरतं होतं. कानटोपी, गळपट्टा, बिनबाह्यांचा स्वेटर हे घरच्या गरजेनं त्यातून घडवलं.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली. आमचा तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरातली मराठी गेली नाही आणि लोकरीची वाटही बदलली नाही. सौंसरच्या बाया छोट्या गाडीनं, पांढुर्ण्याच्या मोठ्या लाइनच्या गाडीनं नागपूरला जायच्या आणि सीताबर्डी किंवा इतवारीतून लडी आणायच्या. सौंसरची ती नॅरोगेज 2015 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. नमुने मात्र दोन भाषांतून यायचे. हिंदीत ‘मनोरमा’, ‘गृहशोभा’ यांचे हिवाळी विणकाम अंक निघत, ते गल्लीत एकीच्या घरी आले की सगळ्यांच्या घरी फिरत. मराठी मासिकांची कात्रणं माहेराहून आलेल्या सुना बरोबर आणत. दोन भाषांची नक्षी एका स्वेटरवर उतरवणारी आमची ही पिढी होती, आणि तिची नोंद कुठल्याच राज्यानं घेतली नाही.

माझ्या सासूबाई अंक बघायच्या, पण जसाच्या तसा नमुना त्यांनी कधी उचलला नाही. संत्र्याच्या फोडीची एक नक्षी त्यांनी स्वतः बसवली होती. उलट टाक्यांच्या जमिनीवर एक सुलट टाका धरायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना धागा घेऊन 1चे 3 करायचे, मग 3चे 5. मागच्या बाजूची सुई दिसेल तशी विणायची. पुढे त्याच क्रमानं दोन्हीकडून टाके जोडत 5चे 3 आणि 3चा पुन्हा 1. अशी एक फोड पुरी झाली की पुढची फोड दोन फोडींच्या मधल्या जागेत सुरू करायची. हे त्या चुलीपुढे बसून, भाकरी तव्यावर असताना करायच्या. मी मध्ये काही विचारलं की म्हणायच्या, “बाई, टाके मोजू दे, मंग बोल.” याला मी डिझाइन म्हणते, आणि पूर्ण अर्थानं म्हणते. कागद नव्हता, आलेख नव्हता. सगळा हिशेब डोक्यात, आणि घरातली दहा कामं त्याच डोक्यात.

लोकर महाग, म्हणून ती एकदा वापरून संपत नसे. मुलगा वाढला की त्याचा स्वेटर उसवायचा. उसवलेला धागा आखडलेला, वळ्यावळ्यांचा असतो. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची आणि खाली थोडं वजन अडकवून सावलीत टांगायची. सरळ झाला की नव्यासारखा. बाह्या विणताना जुना रंग कमी पडला तर मनगटाशी दुसऱ्या रंगाचे पट्टे यायचे. आज ते पट्टे हौसेचे वाटतात, पण ते काटकसरीतून आले. ठेवणीच्या लोकरीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा.

मग तयार स्वेटर आले. लुधियानाचा माल आला, नागपुरात हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांची दुकानं लागू लागली. कॅशमिलॉन या कृत्रिम धाग्यानं खऱ्या लोकरीची जागा घेतली: धुवायला सोपं, रंग पक्का, भाव कमी, ऊब मात्र तेवढी नाही. 1991 मध्ये रेमंडचा कारखाना सौंसर तालुक्यात, बोरगावला आला. लोकरीचं उंची सुटिंग आमच्याच मातीत विणलं जाऊ लागलं. कित्येक घरांना त्यानं पगार दिला, हे मोलाचंच. पण सुटिंगचं सूत फार बारीक, हातातल्या सुयांच्या कामाचं नव्हे.

पुरुषांच्या अंगावरून हातविणीचा स्वेटर गेला, तरी विणकाम दोन ठिकाणी टिकलं. एक रुखवत, जिथे क्रोशाचं तोरण आणि लोकरीचे गोंडे अजून मांडले जातात. दुसरा बाळंतविडा. हिवाळ्यात जन्मलेल्या लेकराला टोपडं, मोजे आणि पुढून उघडणारा स्वेटर आजी-मावशीच्या हातचाच लागतो. बाळाच्या स्वेटरला मी अजूनही गळ्याशी बटण न लावता विणलेली दोरी घालते, कारण बाळ कुशीला वळलं तर बटण रुततं. मात्र ती दोरी आखूड ठेवावी आणि बाळाला निजवताना काढून घ्यावी.

2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आता जिल्ह्याचा इतिहास लिहिला जाईल. त्यात गोटमारीची जत्रा येईल, संत्रं येईल, जाम सावळीचा मारुती येईल. विणणाऱ्या बायांचं नाव आपण दिलं नाही तर येणार नाही. म्हणून तुमच्या घरात आजीच्या हातचा स्वेटर असेल तर तो देऊन टाकण्याआधी त्याच्या नक्षीचे टाके मोजा, वहीत उतरवा आणि खाली विणणारीचं नाव आणि गाव लिहा.