रॉस्कोप्फच्या घड्याळाची नक्कल

आमच्या पणजोबांचें एक खिशांतील घड्याळ पुष्कळ वर्षें घरच्या पेटींत पडून होतें. तें विलायती असून मोठ्या किंमतीचें आहे, अशी घरांत पिढीजात समजूत होती. गेल्या दिवाळींत पेटी आवरतांना तें हातीं आलें. चावी देतांच टिकटिक सुरू झाली; पण काटे कांहीं जागचे हलेनात. घड्याळजींकडे नेलें. त्यांनीं भिंगांतून क्षणभर पाहिलें, आणि "ही नक्कल आहे हो, दुरुस्तीच्या पैशांत दुसरें चांगलें घड्याळ येईल," असें म्हणून तें परत केलें. घरीं मंडळी हिरमुसली. आमच्या आईला तर हा शब्द घड्याळाला न लागतां पणजोबांनाच लागला असें वाटलें. तेव्हां, नक्कल म्हणजे काय आणि ती दुरुस्त करण्याच्या योग्यतेची असते कीं नाहीं, हें आपणच पाहावें असें आम्हीं ठरविलें.

घड्याळांची नक्कल ही आजकालची गोष्ट नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या घड्याळांचा सर्वत्र बोलबाला होता, आणि थॉमस टॉम्पियन (१६३९–१७१३) हा तेथील कारागिरांचा मेरुमणि होता. एका गृहस्थानें टॉम्पियनचें नांव कोरलेलें खोटें घड्याळ त्याच्यापुढें ठेवलें. त्यानें तें हातोड्यानें फोडलें आणि स्वतःच्या हातचें खरें घड्याळ त्या गृहस्थास दिलें, अशी आख्यायिका सांगतात. इंग्लंडांत १६९८ मध्यें कायदाच झाला कीं, घड्याळाच्या रिकाम्या पेट्या देशाबाहेर नेऊं नयेत आणि प्रत्येक घड्याळावर करणाराचें नांव व गांव घालावें. परदेशीं नेलेल्या पेट्यांत हलकें यंत्र बसवून तीं घड्याळें लंडनचीं म्हणून विकलीं जात, हें त्याचें कारण. तरीहि अठराव्या शतकांत हॉलंडच्या धर्तीची तबकडी, लंडनचें नांव आणि पुष्कळदां स्वित्झर्लंडची बनावट, अशीं घड्याळें बाजारांत आलींच. 'टार्ट्स, लंडन' अशीं अक्षरें असलेलीं घड्याळें आजहि संग्रहांत आढळतात. पण त्या नांवाचा लंडनचा घड्याळजी शोधकांना सांपडलेला नाहीं. ज्या स्वित्झर्लंडचें नांव पुढें सचोटीच्या घड्याळाचें दुसरें नांव झालें, तेथील कित्येक कारागीर एके काळीं दुसऱ्याच्या नांवावर पोट भरीत होते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आमच्या घड्याळाची वंशावळ मात्र एका निराळ्या गृहस्थापर्यंत जाते. त्याचें नांव जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोप्फ. हा १८१३ मध्यें जर्मनींतील बाडेन प्रांतांत जन्मला आणि १८२९ मध्यें स्वित्झर्लंडांतील ला शो-द-फों ह्या घड्याळांच्या गांवीं येऊन धंदा शिकला. त्या वेळीं चांगलें घड्याळ ही श्रीमंतांची वस्तु होती. कामकऱ्याला वीस फ्रँकांत खरी वेळ दाखविणारें घड्याळ मिळावें, असा ध्यास त्यानें घेतला. शोभेला त्यानें फांटा दिला. सोन्यारुप्याची पेटी टाकून साध्या मिश्रधातूची घेतली. आणि यंत्राचे भाग कमी करीत करीत ते सत्तावनावर आणले. त्याच्या दोन युक्त्या विशेष लक्षांत घेण्याजोग्या आहेत. चक्राचा वेग आवरून दर टिकेला एक एक दांत सोडणाऱ्या अंकुशाला चांगल्या घड्याळांत माणकाचे खडे बसवितात. त्या जागीं त्यानें पोलादाच्या दोन बारीक टांचण्या बसविल्या. दुसरी युक्ति अशी कीं, इतर घड्याळांत तबकडीच्या मध्यावर तासाला एक फेरा करणारें जें चक्र मिनिटकाटा वाहतें, तेंच त्यानें गाळून टाकलें. त्यामुळें कमानीच्या डब्यास ऐसपैस जागा मिळाली, आणि काटे त्या डब्याकडूनच फिरविण्याची सोय झाली. ह्या घड्याळाला त्यानें 'प्रोलेतेर', म्हणजे 'श्रमिक', असें नांव दिलें. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्यास कांस्यपदक मिळालें.

पण ज्या गोष्टीचें नांव होतें तिची नक्कल होते. स्वित्झर्लंडांत पेटंटचा कायदाच मुळीं १८८८ मध्यें झाला. रॉस्कोप्फचा काल १८८९ मध्यें झाला. म्हणजे त्याच्या हयातींतील बहुतेक काळ त्याच्या कल्पनेस स्वदेशीं कसलेंच संरक्षण नव्हतें. 'रॉस्कोप्फ पद्धतीचें' असें लिहिलेलीं, नांवांत एखादें अक्षर वाढविलेलीं घड्याळें दूरदूरच्या बाजारांत गेलीं. त्यांतलीं कांहीं बरीं होतीं, बरींच वाईट होतीं. परिणाम असा झाला कीं, पोर्तुगीज भाषेंत 'रॉस्कोफ' हा शब्दच टाकाऊ वस्तूचा वाचक होऊन बसला. गरिबाला चांगली वस्तु मिळावी म्हणून जो झटला, त्याचेंच नांव वाईट वस्तूला मिळालें! मूळ नांवांत 'एस' हें अक्षर एकदांच येतें. आमच्या तबकडीवर तें दोनदां आहे.

इतकें कळण्याच्या आधींच आम्हीं दुरुस्तीस हात घातला होता. जवळ भिंग, दोन बारीक पेचकस, एक चिमटा आणि पुस्तकी ज्ञान एवढेंच भांडवल होतें. कांठाच्या ताटांत पांढरें कापड पसरून त्यावर काम करावें, म्हणजे निसटलेला भाग ताटांतच राहतो, हा पहिला धडा एक स्क्रू कपाटाखालीं गेल्यावर आम्ही शिकलों. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा: कोणताहि भाग सोडविण्यापूर्वीं कमानीचा ताण उतरवावा. खिटी हळूच मागें धरून चावीचें डोकें बोटांत सांवकाश उलटें फिरूं द्यावें. नाहीं तर सांठलेला जोर एकदम सुटून चक्रांचे दांत मोडतात.

टिकटिक चालते आणि काटे हलत नाहींत, ह्यावर सर्वसाधारण पुस्तकांचा उपाय असा कीं, मध्यावरची काट्यांची नळी सैल झाली असेल, ती आवळावी. आम्हीं ती दोनदां आवळली. गुण आला नाहीं. तिसऱ्या खेपेस हात आवरला आणि रॉस्कोप्फचा इतिहास वाचूं लागलों. मधलें चक्र त्यानें गाळलें होतें, हें कळतांच उलगडा झाला. ज्या जागीं आम्ही दोष शोधीत होतों, त्या जागीं काटे फिरविणारें कांहीं नव्हतेंच! काट्यांना गति देणारें चक्र कमानीच्या डब्यावर केवळ दाबून बसविलेलें असतें. तें झिजून सैल झालें होतें, म्हणून डबा फिरे आणि चक्र स्वस्थ राही. त्याची पकड किंचित् आवळली, जुनें चिकट तेल धुऊन काढलें, आंसांच्या टोंकांना सुईच्या अग्रानें नवें तेल लावलें, आणि त्या सायंकाळीं मिनिटकाटा चालूं लागला. घड्याळ दिवसाला तीन-चार मिनिटें पुढें जातें. टांचण्या झिजलेल्या आहेत. त्या बदलण्याची विद्या अजून आम्हांस आलेली नाहीं.

हा प्रकार जुन्या घड्याळांपुरताच नाहीं. ईटा २८२४ ह्या स्विस यंत्राच्या चिनी प्रती आज स्वस्तांत मिळतात, आणि घरीं शिकणारे पुष्कळ जण त्यांच्यावरच हात बसवितात. जुन्या यंत्राची रचना पेटंटची मुदत संपल्यावर सर्वांना मोकळी होते. दुसऱ्याचें नांव मात्र मोकळें होत नाहीं. आपल्याकडे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानें खोटें चिन्ह लावणें हा गुन्हा आहे. जुन्या यंत्रांवर भडक रंगाच्या नव्या तबकड्या चढविलेल्या घड्याळांना तर परदेशचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. तबकडीवर विश्वास ठेवून खरेदी करणारा त्यांत फसतो हें खरेंच. परंतु आंतलें यंत्र पुष्कळदां प्रामाणिक असतें, आणि शिकणाराला तें तितक्याच प्रामाणिकपणें शिकवितें. टॉम्पियनचा राग योग्य होता. पण त्याचा हातोडा नांवाबरोबर चक्रांवरहि पडला.

आतां पणजोबांविषयीं. मागचें झांकण उघडलें तेव्हां आंतल्या बाजूस सुईनें ओरखडलेल्या दोन बारीक खुणा दिसल्या. दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर अशी खूण करून ठेवण्याची घड्याळजींची जुनी चाल आहे. त्यांतल्या एका खुणेखालीं '३६ असा आंकडा आहे. म्हणजे १९३६ च्या सुमारास पणजोबांनीं तें दुरुस्त करून घेतलें होतें, आणि ज्यानें तें उघडलें त्याला आंतल्या टांचण्या दिसल्याच असतील. आपलें घड्याळ काय प्रतीचें आहे हें पणजोबांस ठाऊक नव्हतें, असें मानण्यास आतां जागा उरली नाहीं. मोठ्या किंमतीची गोष्ट त्यांनीं सांगितली असेल असेंहि वाटत नाहीं. ती मागाहून आम्हीं घरच्यांनींच रचली असावी. हें आईला सांगितलें तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें घड्याळ मागून घेतलें आणि कानाशीं धरलें.

तबकडीवरचें चुकीचें नांव आम्हीं पुसलें नाहीं. 'रॉस्कोप्फच्या घड्याळाची नक्कल. दिवसाला तीन-चार मिनिटें पुढें जातें' एवढें एका कागदावर लिहून तो पेटींत ठेवला. आणि झांकण लावण्यापूर्वीं त्या दोन खुणांखालीं आमची तिसरी खूण केली.