तेलदर आणि आर्थिक वाढ : भारताचा अनुभव

खनिज तेलाचा जागतिक दर चढला की तेल आयात करणाऱ्या देशाचे उत्पन्न तेल विकणाऱ्या देशांकडे जाऊ लागते आणि देशांतर्गत वाढीचा वेग मंदावतो. भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, त्यामुळे येथे हा परिणाम फार ठळक दिसतो. वर्षाला सुमारे २३ कोटी टन, म्हणजे जवळपास १७० कोटी पिंपे तेल आयात होते. पिंपामागे १० डॉलर वाढले तर आयातीचा खर्च १,७०० कोटी डॉलरने वाढतो. शुद्ध केलेल्या इंधनाच्या निर्यातीतून त्यातला काही भागच परत येतो.

पहिला फटका परकीय व्यापाराच्या चालू खात्याला बसतो. डॉलरची मागणी वाढते, रुपया घसरतो आणि तेच तेल रुपयांत आणखी महाग पडते. मालवाहतुकीचे भाडे, खते आणि शेतीतले डिझेल यांच्यामार्फत महागाई पसरते. रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते, तेव्हा उद्योगांचे कर्जही महागते. इतके होऊनही तेलाचा खप लगेच घटत नाही, कारण ट्रक, ट्रॅक्टर आणि स्वयंपाकाच्या गॅसला तातडीचा पर्याय नसतो.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी पुकारली आणि काही महिन्यांत पिंपाचा दर सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या पुढे गेला. १९७२ च्या दुष्काळाने भारतात धान्य आधीच महागले होते. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाईचा दर २५ टक्क्यांवर पोहोचला. १९७४ मध्येच मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय येथे तेल सापडले. १९७६ पासून ते मिळू लागले आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला देशाची निम्म्याहून अधिक गरज देशी तेलावर भागत होती. या दिलाशाने सावधपणा मात्र आला नाही. त्याच दशकात सरकारची तूट आणि अल्पमुदतीचे परदेशी कर्ज वाढत गेले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि जुलैमधला तेलाचा दर ऑक्टोबरपर्यंत दुपटीवर गेला. कुवेत आणि इराकमधून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणावे लागले, त्यांच्याकडून घरी येणारा पैसा थांबला, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या. १९९१ च्या मध्याला परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे महिन्यात २० टन सोने परदेशी विकले गेले, जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन गहाण ठेवले. रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि १९९१-९२ मध्ये वाढीचा दर दीड टक्क्याच्याही खाली आला. या संकटाचा सगळा दोष तेलावर टाकता येत नाही. कर्जाने पोखरलेल्या अर्थव्यवस्थेला तेलाचा धक्का सोसला नाही, हे कारण अधिक खरे आहे.

पुढचा अनुभव याला दुजोरा देतो. २००३ ते २००८ दरम्यान तेल ३० डॉलरवरून १४७ डॉलरपर्यंत चढले, तरी त्या काळात भारत ८ टक्क्यांच्या आसपास वाढत होता. जगाची मागणी वाढल्याने तेल महागले होते, आणि त्याच मागणीतून भारताची निर्यात व भांडवलाचा ओघही वाढला. ग्राहकाला झळ लागू नये म्हणून सरकारने तेल कंपन्यांना रोखे दिले. त्यांचा बोजा पुढे करदात्यांवर पडला. २०१४ नंतर दर कोसळले, तेव्हा नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने इंधनावरील उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. स्वस्ताईचा बराचसा लाभ अशा रीतीने तिजोरीत गेला.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर दर १३० डॉलरच्या पुढे गेला. तेव्हा गंगाजळी ६०० अब्ज डॉलरहून अधिक होती आणि सवलतीत रशियन तेल मिळत होते. रुपया घसरला, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (बँकांना कर्ज देण्याचा व्याजदर) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, पण १९९१ ची पाळी आली नाही.

अशा धक्क्यांसाठी भारताने राखीव तेलसाठेही उभारले आहेत. विशाखापट्टणम, मंगळूरु आणि पाडूर येथील या भूमिगत साठ्यांची एकूण क्षमता ५३.३ लाख टन आहे. २०२० च्या मंदीत ती स्वस्त तेलाने भरून घेण्यात आली, हा निर्णय दूरदृष्टीचा होता. तरी हा साठा देशाची सुमारे साडेनऊ दिवसांचीच गरज भागवतो, आणि भारताएवढ्या आयातदार देशाला तो अपुरा आहे.